लिंबाच्या कोटाचं चौथं बटण

लिंबा, आज तुझा दहावा झाला. पिंडाला कावळा लगेच शिवला. पान ठेवून माणसं मागं सरकायच्या आतच एक आला, भाताची शितं उचलली आणि नदीकाठच्या बाभळीवर जाऊन बसला. सगळे खूश झाले. "समाधानानं गेला बगा लिंबा मास्टर, मागं काईच ऱ्हायलं न्हाई," असं कुणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी डोलावली नाही. कावळ्याला काय कळतंय डोंबल! तुझं जे मागं राहिलं होतं, ते तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात होतं.

आता हे मी तुला लिहितोय खरं, पण तू कुठला वाचायला! चौथीतच शाळा सोडून बापाच्या बँडमागं गेलास. असतास तर म्हणाला असतास, "लिव्हू नको मास्तर, तोंडानं सांग." तोंडानं सांगायला बावीस वर्षं होती, ती मी घालवली. तेव्हा आता गपचूप ऐकून घे. मधे बोलायची तुझी खोड आज तरी आवर.

आपण एका वर्गात होतो, पण एका बस्करावर नव्हतो. तू दाराशी बसायचास. मला वाटायचं, तुला वारा लागतो म्हणून बसतोस. घरी तसं सांगितलंही होतं आईला. आई भाकरी थापत राहिली. मला कळायला कितीतरी वर्षं गेली आणि कळलं तेव्हाही मी ते तुझ्यापाशी कधी काढलं नाही. तूच एकदा चहा पिताना म्हणालास, "दाराशी बसायचा एक फायदा व्हता बे, सुटी झाली की पैला भायेर मीच." आणि खदाखदा हसलास. मीही हसलो. हसायला नको होतं, असं आज वाटतंय.

तुझ्या बापाची, भिवा मास्टरची गोष्ट तू मला किती वेळा सांगितली असशील! दर वेळी त्यात काहीतरी वाढायचं. कधी थंडी जास्त, कधी शिपायाच्या मिशा मोठ्या. मूळ गोष्ट एवढीच की आपला मुलूख तेव्हा निजामाचा आणि नगरकडं इंग्रजाचं राज्य. बाजाराच्या कडा गावावरून नगरला जाताना मधे हद्द लागायची, तिथं जकातीचा नाका होता. भिवा मास्टर तरणाताठा असताना नगरच्या लष्करात घोड्यांची लीद काढायला गेला. तिथल्या एका म्हाताऱ्या मद्रासी बँडवाल्याचं मन जिंकून तो ट्रंपेट शिकला. परत येताना त्या म्हाताऱ्यानं त्याला बँडचा एक टाकून दिलेला लाल कोट दिला. पितळी बटणांचा, खांद्यावर झालर असलेला.

पौषातली थंडी होती. अंगात दुसरं काही नव्हतं म्हणून भिवानं तो कोट चढवला आणि चालत निघाला. नाक्यावर आला, तर निजामाचा शिपाई बाजेवरून उठला, ताठ उभा राहिला आणि त्यानं सलाम ठोकला. त्याला वाटलं, गोऱ्या साहेबाचं कुणीतरी माणूस आहे. भिवाला आजवर दुसऱ्याला वाकून जोहार घालायची सवय, सलामाला उलट काय करतात ते त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं काहीच केलं नाही. तसाच पुढं गेला. ओढ्यात उतरल्यावर वाळूत बसला म्हणे, आणि रडला.

"माणूस त्योच, मास्तर," तू म्हणायचास. "त्याच नाक्यावरून आठ महिन्यापूर्वी गेलतो, तवा त्याच शिपायानं लाथ घातलती. मधी काय बदाललं? कापड." बापाचं बोलणं सांगता सांगता 'गेलता'चं 'गेलतो' व्हायचं तुझं, जसं काही तूच त्या नाक्यावरून गेला होतास.

त्या कोटावर तुमचा बँड उभा राहिला. बाकीच्यांना कड्याच्या शिंप्याकडून लाल कापडाचे शिवून घेतले, पण मास्टरच्या अंगात तोच. आधी भिवाच्या, मग तुझ्या. आणि तू मला अभिमानानं सांगितलंस, की हलगी होती तोवर तुझ्या आज्यानं पाटलाच्या ओसरीखाली, उकिरड्याशेजारी उभं राहून वाजवली. भाकर वरून पडायची. कोट आला आणि तुझा बाप मांडवात उभा राहिला, नवरदेवाच्या घोड्यापुढं. तोच हात, तेच गाव, तेच पाटील. मला हे सगळं माहीत होतं, लिंबा. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच तू ठेवली नाहीस.

पण माझंही एक घर होतं ना! माझे थोरले चुलते आण्णा हद्दीपलीकडच्या छावणीत होते, निजामाविरुद्ध लढायला. पोलिसांनी त्यांचा पाय मोडला, तो आयुष्यभर फरफटला. ते ओट्यावर बसून सांगायचे, निजाम तर नुसतं बुजगावणं, त्याच्या पाठीशी दांडकं इंग्रजाचं. ते ऐकत मी वाढलो. लाल कोट दिसला की मला आण्णांचा तो पाय दिसायचा. तुला हे मी सांगितलं होतं. तूही ऐकून घेतलं होतंस, मान खाली घालून. मग म्हणालास, "आण्णांचा पाय खरा हाय. आमच्या आज्याचा उकिरडा बी खरा हाय. आता काय करतो, बोल."

मी आपलं ठेवणीतलं भाषण काढायचो. इंग्रजानं आपल्याला गुलाम केलं, त्याच्या टाकाऊ कपड्यांचा मान वाटणं हीच खरी गुलामी, देश स्वतंत्र झाला तरी मनं झाली नाहीत. तू मला पुरतं बोलू द्यायचास, विडी विझेपर्यंत. आणि मग, "तुमाला इंग्रजानं केलं. आमाला कुणी केलतं बे? त्यो तर कड्याला आलाच न्हाई कदी." आणखी वर, "आन् तुजी ही प्यांट काय तुज्या पणज्यानं शिवली व्हती का? शाळंची घंटा, हजेरीचं बुक, खडू, सगळं सायबाचं. लाल कोट तेवडा डोळ्यात खुपतो. कावून? आमच्या अंगात हाय म्हून?"

मी चिडायचो. उठून जायचो. दुसऱ्या दिवशी परत तिठ्यावरच्या हॉटेलात तू माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली असायची.

आता त्या दिवसाचं सांगतो. त्याचं नाव ना तू काढलंस, ना मी.

मी हेडमास्तर झालो त्याच वर्षी सतरा सप्टेंबर दणक्यात करायचा मी घाट घातला. आपल्या मराठवाड्याला स्वातंत्र्य उशिरा आलं, ते पोरांना कळलं पाहिजे असं माझं म्हणणं. झेंड्याला राष्ट्रगीत तुझ्या बँडवर. तालुक्याचे एक पुढारी पाहुणे. तुला मी आठवडाभर आधी सांगितलं होतं, कोट घालून येऊ नकोस, पांढरा सदरा घालून ये. तू 'बगू' म्हणालास. मी 'बगू'चा अर्थ 'बरं' असा घेतला, ही माझी चूक. तुझा 'बगू' म्हणजे 'न्हाई' असतो, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं.

तू आलास कोट घालून. उन्हात बटणं लखलखत होती. पोरं रांगेत, पाहुणे खुर्चीत, अख्खं गाव भिंतीवर. मी तुझ्याजवळ आलो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "लिंबा, काढ तो." तू म्हणालास, "असू दे की." माझा आवाज चढला. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "बटणावर इंग्रजाच्या राजाचा मुकुट आहे! आपल्या झेंड्यापुढं मुकुट चालणार नाही! काढ, नाहीतर चालता हो!" आणि तुझ्या छातीवरच्या बटणाला हात घातला. ओढलं की नुसता हात लागला, हे मी स्वतःला इतक्या वेळा वेगवेगळं सांगितलंय की आता मलाच आठवत नाही. नाही, आठवतं. ओढलं.

तू माझ्याकडं बघितलंस. हळूच म्हणालास, "मास्तर, कोट काढला की आतून हलगीवाला निघतो." फक्त मला ऐकू गेलं. मग तू तो काढलास.

आत सदरा नव्हता. बनियन होतं, पाठीवर फाटलेलं. भादव्याच्या उकाड्यात कोटाच्या आत कोण सदरा घालतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरं हसली. पाहुणेही हसले. सातवीच्या रांगेत तुझी लेक रेखा उभी होती, ती हसली नाही. तू घडी घालून कोट जमिनीवर ठेवलास, ट्रंपेट उचललंस आणि राष्ट्रगीत वाजवलंस. एक सूर इकडचा तिकडं नाही. वाजवून झालं, कोट उचललास आणि फाटकातून निघून गेलास. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवशी मी फार खूश होतो, लिंबा. दुपारपर्यंत.

दुपारी मैदान झाडताना शिपायाला ते बटण सापडलं. त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी उचलून बघितलं. पालथं केलं, परत सुलटं केलं. खिडकीत जाऊन उजेडात धरलं. मुकुट नव्हता. काहीच नव्हतं. तुझ्या बायकोनं, पारूवहिनींनी, दर लग्नाआधी राख-चिंचेनं घासून घासून, त्यांच्या आधी तुझ्या आईनं घासून घासून, ते पार सपाट झालं होतं. राजाचं काही शिल्लकच राहिलं नव्हतं त्यावर. मी ज्याच्यावरून गाव गोळा केलं, ते मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

तुझी वस्ती शाळेपासून दहा मिनिटांवर. मी उठलो. परत बसलो. उद्या देऊ म्हणालो आणि बटण खडूच्या डबीत टाकलं. उद्याचं परवा झालं. निवृत्त झालो तेव्हा डबी घरी आली. एवढीच हिंमत झाली माझी, ते टाकून न द्यायची.

आणि तू? तू दुसऱ्याच दिवशी हॉटेलात जागा धरून बसलेला. जसं काही झालंच नाही. शाळेत मात्र परत कधी पाऊल टाकलं नाहीस. आमच्या थोरलीच्या लग्नाची सुपारी घेऊन मी तुझ्याकडं आलो, तर म्हणालास, "पावना म्हून येतो, वाजवाय न्हाई." आलास. वैशाखाच्या उन्हात, गळ्यापर्यंत बटणं लावून, त्याच कोटात. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलास. चौथ्या बटणाच्या जागी सेफ्टी पिन होती. वरपक्षाच्या एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, हे कोण साहेब? मी म्हणालो, दोस्त आहे माझा. तुला ऐकू गेलं असावं, कारण तू पिनेवरून बोट फिरवलंस. अक्षता टाकताना मला नवरी दिसत नव्हती, तुझी पिन तेवढी दिसत होती.

गावातले लोक तुला हसायचे, लिंबा मास्टरला एक बटण मिळंना म्हणून. कड्याच्या बाजारात ढिगानं मिळतात पितळी बटणं. मलाही वाटायचं, हा लावून का घेत नाही दुसरं? मुद्दाम मला टोचायला ठेवतोय जागा मोकळी. मनातल्या मनात मी तुझ्यावर डाफरायचो. बघ, म्हणजे माझ्या चुकीचा रागही मी तुझ्यावरच काढला.

रेखा पोलिसात लागली तेव्हा तू पेढे घेऊन आलास. बीडला परेड बघून आला होतास. पेढा माझ्या तोंडात कोंबलास आणि म्हणालास, "मास्तर, खाकी वर्दी बी इंग्रजाचीच हाय म्हणं. काडाय लावतो का पोरीला?" मी पेढा गिळला. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस, जरा जोरातच. त्या दिवसाच्या सगळ्यात जवळ आपण एवढेच गेलो.

खोटं कशाला सांगू, मला अजूनही तो कोट आवडत नाही. आण्णांचा पाय काही माझ्या डोळ्यापुढून जात नाही. आपल्या माणसाला मान मिळायला परक्याचं जुनेर लागावं याची मला लाज वाटते. पण ती लाज मी तुझ्या अंगावरून ओरबाडायला निघालो. माझ्या अंगावरची होती ती, आमच्यासारख्यांच्या ओसरीची, जिच्याखाली तुझा आजा हलगी घेऊन उभा राहायचा. एवढं कळायला मला म्हातारपण आलं, आणि कळल्यावरही मी तुझ्याशी प्यांट आणि खडूवरच वाद घालत बसलो.

शेवटच्या आजारात तुला श्वास पुरेना. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात फुंकलास, छाती रिकामी झाली. मी भेटायला आलो. खुंटीला कोट होता. माझ्या खिशात बटण होतं, तुझ्या गळ्याची शपथ, त्या दिवशी मी ठरवून आणलं होतं. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "मास्तर, काई आणलं का?"

मी म्हणालो, "मोसंबी आणलीत."

तू जरा वेळ माझ्याकडं बघत राहिलास. मग हसलास, हसता हसता ढास लागली. "बरं," म्हणालास. "ठिव तिथं."

चौथ्या दिवशी तू गेलास.

मातीच्या वेळी दारात ही गर्दी. पारूवहिनी सारख्या म्हणत होत्या, "थांबा जरा, थांबा जरा." ऊन चढायला लागलं, लोक कुजबुजायला लागले. मला वाटलं, कुणी लांबचे पाहुणे यायचे राहिलेत. रेखा कोट हातावर घेऊन उंबऱ्यात उभी होती आणि तिची नजर गर्दीवरून फिरत होती. माझ्यावर येऊन थांबली, तेव्हा मी खाली बघितलं. बटण खिशातच होतं, त्याही दिवशी. वहिनींच्या हातात गुपचूप द्यायचं ठरवलं होतं. पण चारचौघांत काय सांगू, कुठलं आहे म्हणू, असं करत मी जागचा हललो नाही. मग रेखा कोट घेऊन आत गेली, रिकाम्या हातांनी बाहेर आली आणि तुला पांढऱ्या कापडात नेलं.

आज नदीवरून आम्ही घरी आलो. पाहुणे जेवून पांगले. मी उठायला लागलो तशी रेखा समोर आली. अंगावर साधी साडी, पण उभी राहिली होती परेडला राहतात तशी.

"गुर्जी, बटण हाय ना तुमच्याकडं?"

माझा हात खिशाकडं गेला.

"आबाला ठावं व्हतं," ती म्हणाली. "शाळंच्या शिपायानं त्याच सांजंला येऊन सांगितलंतं. आई म्हनली, दुसरं आणून लावू. तर आबा म्हनला, न्हाई. मास्तर आणून देईल. त्याला जरा टाइम लागंल."

बावीस वर्षं, लिंबा! तू मला टोचायला नव्हती ठेवलीस ती जागा. जशी हॉटेलात ठेवायचास, तशीच ठेवली होतीस.

"जायच्या आदल्या दिवशी म्हनला, मला कोटात न्या. पण समदी बटणं लावून. फाटका मानूस म्हून न्हाई जायाचं मला." तिचा आवाज जराही हलत नव्हता. "आमी थांबलोतो त्या दिवशी. आई म्हणत व्हती, गुर्जी देतील, आता देतील. गुर्जी, मातीच्या दिवशी बटण तुमच्या खिशात व्हतं का घरी?"

'घरी' म्हणता आलं असतं. शब्द जिभेवर आला होता. तिला कधी कळलं नसतं आणि वहिनींनाही थोडं बरं वाटलं असतं.

"खिशात होतं," मी म्हणालो.

मी बटण काढून वहिनींच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं. खडूच्या डबीत राहून हिरवं पडलं होतं. "घासून तरी ठिवायचं, गुर्जी," त्या म्हणाल्या. चुलीपाशी गेल्या, राख-चिंच घेतली आणि खाली बसून घासायला लागल्या. बराच वेळ घासलं. मग सुई-दोरा आणला. कोट मला धरायला दिला. कॉलर तुझ्या मानेच्या घामानं काळी झाली होती, बाहीला तुझ्या विडीचा वास होता. मी तो तोंडावर धरून रडलो, अगदी पोरासारखा, आणि वहिनी म्हणाल्या, "हलवू नका, सुई लागंल."

चार टाक्यांत बटण बसलं. रेखानं वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली, कोट झटकला आणि तुझ्या खुंटीला अडकवला.

"आता या तुमी, गुर्जी," ती म्हणाली.

मी निघालो. उंबऱ्याशी आलो आणि मागं वळलो. पस्तीस वर्षं पोरांना शिकवला तसा, टाच जुळवून, हात कपाळाला नेऊन मी त्या कोटाला सलाम केला. रेखा बघत होती. मी हात खाली घेतला नाही, थांबलो, कितीतरी वेळ. तुझ्या बापानं त्या नाक्यावर दिलं नव्हतं, तसं तूही मला उत्तर दिलं नाहीस.